जुन्या बंदरात दोन रात्री : बोटीने पहिल्यांदाच लांब निघालेल्यांसाठी

शिडाची असो वा इंजिनाची, छोट्या बोटीने आठवडाभर किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं तर मधे कुठेतरी मुक्काम हवाच. नवखी मंडळी नकाशावर तटबंदीचं, दीपस्तंभाचं एखादं जुनं गाव हेरतात आणि वहीत लिहितात : संध्याकाळी पोहोचणे, गाव बघणे, सकाळी निघणे. ती ओळ आधी खोडा. पहिला दिवस बोटीचा असतो. बांधणं, मीठ धुणं, पाणी भरणं, कागदपत्रं, आणि मग मेल्यासारखी झोप. गाव दिसतं ते दुसऱ्या दिवशी. म्हणून दोन रात्री धरा. त्यासाठी पुढचा एखादा मुक्काम गाळावा लागला तर खुशाल गाळा.

गाव जुनं का राहिलं?

हा प्रश्न इतिहासाच्या हौसेचा वाटेल, पण बोट आत कशी न्यायची याचं अर्धं उत्तर त्यातच असतं. बंदर जुनं आणि देखणं राहिलंय, याचा अर्थ बरेचदा असा की मोठ्या जहाजांनी केव्हातरी तिथे येणं सोडलं. बेल्जियममधल्या ब्रूजला समुद्राशी जोडणारी झ्विनची खाडी गाळाने भरत गेली, व्यापार दुसरीकडे सरकला आणि मध्ययुगातलं शहर जवळपास तसंच मागे राहिलं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं राय हे एके काळचं भरभराटीचं बंदर. आज ते समुद्रापासून सुमारे ३ किलोमीटर आत आहे आणि ओहोटीला तिथल्या धक्क्यालगतच्या बोटी चक्क चिखलात बसलेल्या असतात. म्हणजे ज्या गाळाने गाव वाचवलं, तोच तुमच्या बोटीच्या तळाला लागणार.

सगळीकडे असंच असतं असं नाही. माल्टातल्या व्हॅलेटाचं ग्रँड हार्बर खोल आहे आणि मोठी जहाजं आजही तिथे येतात. अशा ठिकाणी उथळ पाण्याची नाही, तर रहदारीची आणि फेरीबोटींच्या लाटांची काळजी करायची.

निघायच्या दोन-तीन दिवस आधी ताजा नकाशा आणि बंदराची मार्गदर्शक पुस्तिका घेऊन चार आकडे कागदावर उतरवा : तोंडापाशी कमीत कमी खोली, बांधायच्या जागी कमीत कमी खोली, वाटेत पूल असेल तर त्याखालची उंची, आणि आत बोट वळवायला किती जागा. शेजारी आपल्या बोटीचे आकडे लिहा. पाण्याखाली किती बुडते, पाण्यावर डोलकाठीच्या टोकापर्यंत किती उंच आहे (टोकावरचा अँटेना धरून), आणि लांबी-रुंदी. डोलकाठीची उंची ‘साधारण’ माहीत असणं म्हणजे माहीत नसणं.

एक बारकावा. नकाशावरची खोली बहुधा अगदी नीच ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली असते, तर पुलाखालची उंची मोठ्या भरतीच्या पातळीपासून. दोन्हीकडे वाईटात वाईट धरलेलं असतं. पण गाळ नकाशा बघून साचत नाही. वादळानंतर किंवा नदीला पूर येऊन गेल्यावर तोंडापाशीची वाळू हललेली असू शकते. बंदराच्या कार्यालयाला एक फोन केला की ‘उजवीकडच्या बोयाला (वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेला) चिकटून या’ असं काहीतरी कळतं, आणि ते कुठल्याही नकाशापेक्षा ताजं असतं.

भरतीचं गणित

मराठी माणसाला हे शिकवायला नको असं वाटतं, पण शहरात वाढलेले आपण तिथी विसरलोय. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, खरं तर एक-दोन दिवस नंतर, उधाण. तेव्हा पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या पुढेमागे भांग, तेव्हा चढउतार कमी. बहुतेक किनाऱ्यांवर चढायला साधारण सहा तास आणि उतरायला तितकेच, आणि रोजची भरती आदल्या दिवशीपेक्षा सुमारे ५० मिनिटं उशिरा. काही किनाऱ्यांवर दिवसातून एकच भरती येते, म्हणून हा फक्त अंदाज. नेमकी वेळ त्या बंदराच्या कोष्टकातूनच घ्यायची.

पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. खलाशांचा जुना ठोकताळा बारा भागांचा आहे : पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. चढ ६ मीटरचा असेल तर पहिल्या तासात अर्धा मीटर, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी दीड मीटर. प्रवाहही त्याच मधल्या दोन तासांत सगळ्यात जोरात असतो. अरुंद तोंडाच्या बंदरात अशा वेळी शिरू नका. बोट तिरकी सरकते आणि नवखा माणूस सुकाणू उलटसुलट फिरवत बसतो.

मी वेळ निवडतो ती अशी : दिवसाचा उजेड, पाणी चढतं, आणि भरती पूर्ण व्हायला तास-दीड तास बाकी. चढत्या पाण्यात तळ टेकला तर चहा करून प्यायचा, पाणी उचलतंच. उतरत्या पाण्यात टेकला तर पुढची भरती येईपर्यंत सगळं गाव तुम्हाला बघायला येतं.

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरच्या सेंट-मालोमध्ये उधाणाचा चढउतार १२ मीटरच्या घरात जातो. तटबंदीला लागून असलेल्या आतल्या गोदीत पाणी टिकवायला म्हणूनच जलद्वार आहे. फ्रान्समधल्याच ओंफ्लरच्या १७व्या शतकातल्या जुन्या गोदीचं दारही भरतीच्या आसपासच उघडतं. अशा ठिकाणी ‘केव्हा पोहोचू’ हा प्रश्न नसतो, ‘दार केव्हा उघडं असेल’ हा असतो. सगळा दिवस त्या वेळेभोवती उलटा आखा. भूमध्य समुद्रात याच्या अगदी उलट. तिथे बहुतेक ठिकाणी भरती जाणवतही नाही, सगळी चिंता वाऱ्याची.

तोंडाशी

बंदर अर्ध्या मैलावर आलं की वेग कमी करा, मोकळ्या पाण्यात थांबा आणि आधी रिव्हर्स गिअर लागतोय का ते बघा. तो हवा असतो तेव्हाच लागत नाही, असा अनुभव एकदा आला की पुरतो. शिडं उतरवून बांधा. फेंडर, म्हणजे बोट घासू नये म्हणून टांगायच्या फुगीर उशा, दोन्ही बाजूंना लावा, कारण आत गेल्यावर कुठली बाजू मिळेल याचा नेम नसतो. पुढचा, मागचा आणि मधले दोन तिरके दोर कठड्याच्या बाहेरून घेऊन तयार ठेवा. आतून ओवलेला दोर ऐनवेळी कठड्यालाच ओढतो.

मग व्हीएचएफ रेडिओवर बंदराला हाक. पुस्तिकेत बंदराची स्वतःची वाहिनी दिलेली असेल तर थेट तिच्यावर, नसेल तर १६ क्रमांकावर बोलावून ते सांगतील त्या वाहिनीवर जायचं. १६ वर गप्पा नाहीत, ती संकटाची वाहिनी आहे. बोटीचं नाव, लांबी, किती बुडते, किती रात्री. एवढंच.

बोयांचे रंग आदल्या रात्रीच तपासून ठेवा. जग दोन विभागांत आहे. युरोप, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि भारतासह बहुतेक आशियात बंदरात शिरताना लाल बोया डावीकडे ठेवायचा. उत्तर-दक्षिण अमेरिका, जपान, दक्षिण कोरिया आणि फिलिपिन्समध्ये तो उजवीकडे. एका विभागात शिकून दुसऱ्यात भाड्याची बोट घेणारे इथेच फसतात. सुकाणूजवळ चिकटपट्टीवर लिहून ठेवायला लाजू नका.

जुन्या बंदरांची तोंडं मुद्दाम अरुंद असतात. दोन्ही बाजूंना बुरूज, मधे साखळी, ही संरक्षणाची रीत. इस्तंबूलच्या गोल्डन हॉर्नच्या तोंडाशी अशीच साखळी होती. १४५३च्या वेढ्यात ऑटोमन सैन्याला ती ओलांडता आली नाही, म्हणून त्यांनी जहाजं जमिनीवरून ओढत पलीकडे नेली. तुमच्या वाटेत साखळी नसेल, पण समोरून फेरीबोट येत असेल. तिला जाऊ द्या. नियम कोणाच्या बाजूने आहे हा वाद मोकळ्या समुद्रात घालावा.

बांधायचं कसं

मरीनाचे (छोट्या बोटी ठेवायच्या खास बंदराचे) तरंगते धक्के मिळाले तर प्रश्नच मिटला. ते पाण्याबरोबर वरखाली होतात, दोर एकदा बांधले की विसरा. पण जुन्या गावाच्या ऐन दारात राहायचं तर बहुधा पुढच्या चारांपैकी काहीतरी वाट्याला येतं.

दगडी भिंत. सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात त्रासाची. पाणी उतरलं की बोट खाली जाते आणि आखूड बांधलेले दोर तिला लटकवतात. पुढचा आणि मागचा दोर धक्क्यावर खूप लांबच्या खुंट्याला न्या. चढउताराच्या निदान तिप्पट लांबी हवी. मधले तिरके दोर बोटीला पुढेमागे सरकू देत नाहीत, तेही लांबच. भिंत खडबडीत असते, खाचांत फेंडर अडकून निसटतात, म्हणून फेंडरांच्या बाहेरून एक जाड आडवी फळी टांगा. लोखंडी शिडीजवळ जागा मागा, नाहीतर ओहोटीला वर कसे चढणार? पहिल्या ओहोटीला कोणीतरी बोटीवर थांबलंच पाहिजे. आणि ‘इथे पाणी आटतं’ असं कळलं, तर तुमच्या बोटीची बांधणी तळावर बसायला योग्य आहे का, हे माहीत असल्याशिवाय तिथे बांधू नका. योग्य असेल तर नांगराची साखळी वगैरे वजन भिंतीच्या बाजूला सरकवा, म्हणजे बोट जरा आत कलून बसते. बाहेर कलली तर काय होतं ते सांगत नाही.

बोटीला बोट. लहान बंदर भरलं की बोटी एकमेकींच्या कुशीत बांधतात. आपल्याएवढी किंवा आपल्याहून मोठी बोट निवडा, तिच्यावर कोणी असेल तर विचारा, नसेल तर हळूच लागा. शेजारणीला बांधलं म्हणजे काम संपलं असं नाही. पुढून आणि मागून स्वतःचे दोर किनाऱ्यापर्यंत न्यायचे, नाहीतर सगळ्यांचा भार आतल्या बोटीवर पडतो. डोलकाठ्या एका रेषेत येऊ देऊ नका, बोटी डुलल्या की वरच्या तारा एकमेकींत अडकतात. किनाऱ्यावर जाता-येता दुसऱ्याच्या बोटीवरून चालावं लागतं तेव्हा नेहमी डोलकाठीच्या पुढून जायचं, मऊ तळव्याच्या बुटांनी, खिडकीतून आत न बघता. लोक बसतात त्या मागच्या भागातून जाणं म्हणजे कुणाच्या स्वयंपाकघरातून वाट काढण्यासारखं आहे. आणि ‘तुम्ही उद्या किती वाजता निघणार?’ हे पहिल्याच भेटीत विचारा. आतली बोट पहाटे चारला निघणार असेल तर तुम्हीही चारला उठणार आहात.

मागचं टोक धक्क्याला. भूमध्य समुद्रातली ही रूढ पद्धत. धक्क्यापासून तीन-चार बोटींच्या लांबीवर नांगर टाकायचा, सरळ मागे यायचं, वाऱ्याकडचा मागचा दोर आधी आणि दुसरा नंतर बांधायचा, शेवटी नांगराची साखळी ताणून घ्यायची. शेजाऱ्याच्या साखळीवरून तुमची साखळी गेली की सकाळी तमाशा. म्हणून शेजाऱ्यांच्या साखळ्या कुठल्या दिशेने गेल्यात ते आधी बघा. काही ठिकाणी नांगराऐवजी तळाशी कायम बांधलेला दोर असतो. तो उचलताना इंजिन न्यूट्रलमध्ये हवं, नाहीतर पंख्याला गुंडाळतो. हातमोजे घाला, त्या दोरावर शिंपले असतात आणि ते हात कापतात.

बाहेर नांगर टाकून. मला सगळ्यात शांत हेच वाटतं. दोर किती सोडायचा? पाण्याची खोली, त्यात भरतीने वाढणारी खोली, त्यात पाण्यापासून डेकची उंची. सगळं साखळीचं असेल तर या बेरजेच्या पाचपट, दोर असेल तर सातपट. आत्ता ४ मीटर पाणी, अजून ३ मीटर चढणार, डेक १ मीटर उंच : झाले ८, म्हणजे ४० मीटर साखळी. बोट या लांबीने गोल फिरणार, तेवढी जागा चहूबाजूंनी आहे का बघा. रात्री सगळीकडून दिसणारा पांढरा दिवा, दिवसा काळा गोळा. शेकडो वर्षं वापरात असलेल्या बंदराच्या तळाशी जुन्या साखळ्या, टाकून दिलेले नांगर, मोडकी लाकडं पडलेली असतात. नकाशावर ‘तळ खराब’ अशी खूण असेल तर नांगराच्या डोक्याला एक बारीक दोर आणि त्याच्या टोकाला छोटा बोया बांधूनच नांगर टाका. अडकला तर त्या दोराने उलट्या बाजूने सुटतो.

धक्क्यावरच्या खुंट्याला आधीच दुसऱ्याचा फास असेल तर आपला फास त्यावर नुसता टाकू नका. त्याच्या फासाच्या आतून खालून वर काढा, मग खुंट्यावर चढवा. म्हणजे कोण आधी निघतंय याने फरक पडत नाही. दहा सेकंदांचं काम, पण यावरून धक्क्यावरचे जुने लोक तुम्हाला जोखतात.

पहिला तास

दुसऱ्या देशातून आला असाल तर पिवळा ‘क्यू’ झेंडा वर, आणि परवानगी मिळेपर्यंत कप्तानाशिवाय कोणी उतरायचं नाही. पासपोर्ट, बोटीची नोंदणी, विमा, माणसांची यादी हे एका पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवा. सोपस्कार झाले की पिवळा झेंडा खाली आणि उजव्या बाजूला त्या देशाचा छोटा झेंडा. तो मळका किंवा उलटा नको.

मग पाणी. नळ मिनिटभर मोकळा सोडा, चाखा, मग टाकीत भरा. धक्क्यावर पडलेला पाइप तोंडाच्या पाण्यासाठी वापरू नका, त्याने आधी काय धुतलंय कोणाला ठाऊक. विजेचं प्लग जुळेलच असं नाही, एक-दोन अडॅप्टर बरोबर ठेवा. बोटीचं शौचालय आत बंद, किनाऱ्यावरचं वापरा. कोंडलेल्या पाण्याच्या बंदरात सोडलेली घाण तुमच्याच खिडकीखाली राहते.

अंधार पडायच्या आत आणखी एक काम : डोलकाठीला लागून जाणारे शिडाचे दोर बाजूला ओढून बांधा. वारा सुटला की ते काठीवर टकटकटकटक वाजतात, आणि दगडी भिंतींमध्ये तो आवाज दुपटीने घुमतो. वीस बोटींच्या बंदरात एक जण हे विसरतो आणि एकोणीस बोटी जागतात. पहिल्या वर्षी तो एक मी होतो. पहाटे तीनला शेजारी स्वतः येऊन माझे दोर बांधून गेला, एक शब्द न बोलता.

जमीन हलते तेव्हा

तीन-चार दिवस पाण्यावर काढून जमिनीवर आलं की जमीन डुलते. न्हाणीघरात डोळे मिटले की जास्तच. हा आजार नव्हे. शरीराला बोटीच्या हलण्याची सवय झालेली असते, ती सुटायला काही तास, कधी दिवसभर लागतो. म्हणून पहिल्या संध्याकाळी बुरुजाच्या पायऱ्या आणि गुळगुळीत फरसबंदीचे उतार नकोत. धक्क्यावर शंभर पावलं, एक बाक, गरम जेवण, झोप. कार्यक्रम संपला.

दुसरा दिवस

आता गाव. बंदराचं गाव स्टेशनकडून बघायचं नसतं, पाण्याकडून बघायचं असतं, आणि तुम्ही पाण्याकडूनच आलात, ही चैन बसने येणाऱ्याला मिळत नाही. धक्क्यापासून सुरुवात करा आणि प्रत्येक इमारतीला विचारा, ‘तुझं समुद्राशी काय काम होतं?’ पाण्यासमोरची भारदस्त इमारत बहुधा जकातघर. वरच्या मजल्याच्या बाहेर आलेली तुळई म्हणजे गोदाम, तिला कप्पी लावून गोण्या वर जायच्या. विनाकारण लांबलचक सरळ रस्ता दिसला तर तिथे दोरखंड वळत असण्याची शक्यता मोठी. दोर जितका लांब हवा तितकी जागा लांब हवी. इंग्लंडमधल्या चॅटमच्या जुन्या गोदीतली दोरखंडाची इमारत पाव मैलाच्या जवळपास लांब आहे. ख्रिस्ती किनाऱ्यांवर सेंट निकोलसचं चर्च आढळलं तर आश्चर्य नको, तो खलाशांचा रक्षक संत. धक्क्याच्या कडेला उभ्या पुरलेल्या जुन्या तोफा दोर बांधायला वापरलेल्या दिसतात. निवृत्तीनंतरचं काम म्हणायचं.

बुरुजावर जायचं असेल तर सकाळी लवकर किंवा ओहोटीच्या तळाला जा. वरून आपण आलो ती वाट बघा. काल पाण्याखाली असलेले वाळूचे दांडे उघडे पडलेले असतात, मुख्य धार कुठून जाते ते स्पष्ट दिसतं. फोटो काढा. उद्या बाहेर पडताना नकाशाशेजारी तो ठेवा.

दुपारी काहीही करू नका. हा टप्पा मुद्दाम वेगळा सांगतोय, कारण बोटीवर दुरुस्तीचं काम कधी संपत नाही आणि नवखा मालक दुपारभर पाना घेऊन बसतो. सुरक्षिततेचं काम असेल तेवढं करा. बाकी वहीत लिहा.

अटलांटिक ओलांडणाऱ्या बोटी अझोर्स बेटांतल्या ओर्ताला थांबतात. तिथे धक्क्याच्या भिंतीवर आपल्या बोटीचं चित्र रंगवल्याशिवाय निघणं अशुभ मानतात, त्यामुळे भिंत चित्रांनी भरून गेली आहे. तिथे रंगवा. इतर कुठल्या ऐतिहासिक भिंतीवर मात्र हात चालवू नका.

निघताना

आदल्या संध्याकाळी हवामान, भरती आणि पुलाची किंवा दाराची वेळ पुन्हा एकदा बघा. बंदराचे पैसे रात्रीच चुकते करा, सकाळी लवकर कार्यालय उघडं नसतं. बोटीला बोट बांधली असेल तर बाहेरच्याला वेळ सांगून ठेवा.

शेवटचा दोर असा लावा की त्याची दोन्ही टोकं बोटीवर असतील : बोटीवरून निघून किनाऱ्याच्या कडीतून फिरून परत बोटीवर. मग कोणी धक्क्यावर उतरायला नको. एक टोक सोडायचं, दुसरं ओढायचं, दोर कडीतून निघून येतो. पण सोडायच्या टोकाला गाठ असता कामा नये. माझ्या दोराला होती. उसवू नये म्हणून मीच मारलेली. ती लोखंडी कडीत बरोबर अडकली, बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वाऱ्याने फिरली, आणि दोन दिवस ज्या शेजाऱ्याशी गप्पा मारल्या त्याच्या बोटीकडे आम्ही आडवे निघालो. त्याने कॉफीचा कप खाली ठेवला, फेंडर मधे धरला आणि दुसऱ्या हाताने खिशातला चाकू माझ्याकडे पुढे केला.